नेवरेकर अण्णांचे कान

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण अण्णांबद्दल बोलायला बसलो की लोक मध्येच थांबवून विचारतात, "अहो, मग तुम्ही बोलला का नाहीत?" नाही बोललो. भीती वाटली म्हणून नाही बोललो. झालं समाधान?

अण्णा नेवरेकर माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. पन्नास साल उलटून सात-आठ वर्षं झाली होती. मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगाला शेतांत पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या आणि त्यातल्याच एका रेडिओच्या कारखान्यात आम्ही दोघं टेस्टिंगला होतो. सहा नंबरचं बेंच माझं, सात नंबरचं अण्णांचं. मी चाकणजवळच्या एका वाडीतला. घरी कांदा आणि बटाटा. मॅट्रिक झालेला घरात मी पहिला, पगारावर जाणाराही मीच पहिला, त्यामुळे नोकरी जाईल ही धास्ती मला नोकरी लागली त्याच दिवशी लागली. आई सारखी बजावायची, "सदा, कुनाच्या अध्यात ऱ्हाऊ नगं, मध्यात ऱ्हाऊ नगं. मान खाली घालून काम कर." मी तेवढंच केलं. फार मनापासून केलं.

अण्णा रत्नागिरीकडचे. तिकडे वडिलांबरोबर बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. पट्ट्यांखाली पितळेच्या ज्या जिभल्या असतात त्या घासून घासून सूर लावायचा, हा त्यांचा घरचा धंदा. त्या कानांवरच कंपनीनं त्यांना घेतलं होतं. आम्ही बाकीचे मीटरचा काटा बघून रेडिओ पास करायचो. अण्णा आधी डावा डोळा मिटून ऐकायचे, मग काटा बघायचे, आणि दोघांचं जमलं नाही तर मीटर दुरुस्तीला पाठवायचे. तीन वेळा पाठवलं, तिन्ही वेळा मीटरच बिघडलेलं निघालं. आमचे इन्चार्ज पोतनीस साहेब म्हणायचे, "हा माणूस आजारी पडला तर मला शेड बंद ठेवावी लागेल."

आणि हा एवढा कानसेन माणूस कानांच्या बाबतीत असा भित्रा की मी त्याच्यापुढे शूर वाटावा. रस्त्यानं चालताना कानात कापूस. लग्नाचं आमंत्रण आलं की पहिला प्रश्न, "बँड आहे का?" दिवाळीत चार दिवस ते चिंचवडगाव सोडून नदीच्या पलीकडे रानात जाऊन बसायचे, जेवणाचा डबा घेऊन. रेल्वे फाटकाशी गाडी यायची असली तर सायकल टाकून मागे फिरायचे. कंपनीच्या भोंग्याची तर गंमतच होती. भोंगा वाजायच्या दहा सेकंद आधी अण्णांची दोन्ही बोटं कानात गेलेली असत. घड्याळाकडे न बघता. भोंग्याची वाफ आधी फुसफुसते आणि ती त्यांना अख्ख्या शेडच्या गोंगाटातून ऐकू यायची. पोरं चेष्टा करायची, "अण्णांनी बोटं घातली रे, चला जेवायला!" आणि खरंच हत्यारं ठेवायची.

मीही हसायचो. एकदा जेवणाच्या सुट्टीत कँटीनमागच्या बाभळीखाली बसलो असताना मी सहज विचारलं, "अण्णा, एवढं काय जपता कानांना?"

"आमच्याकडे कान चाळिशीत जातात," अण्णा म्हणाले. आमच्याकडे गौरी उभ्याच्या असतात म्हणावं, तसं. "आजोबांचे गेले, काकांचे गेले, वडिलांचे गेले. वरून जातात रे. आधी रातकिडा जातो. मग पैंजण. मग बायकामाणसांचं बोलणं. शेवटी सगळंच. वडील तर म्हातारपणी पेटीच्या लाकडाला दात लावून, दातांतून कंप ओळखून सूर लावत. बघवत नसे."

"आणि तुमचं वय?"

"अडतीस."

भाकरीचा घास माझ्या हातातच राहिला. अण्णांनी मात्र डबा पुसला, फडक्यात बांधला आणि म्हणाले, "म्हणून तर घाई आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेट्या लावल्या. एक चाल माझी स्वतःची करायची आहे, ती ऐकू येतंय तोवर व्हायला हवी."

ती चाल पेटीवर करायची नव्हती. तिथंच सगळं वेगळं होतं.

आमच्या बेंचवर ऑसिलेटर नावाचं एक यंत्र असायचं. त्यातून शिट्टीसारखा सूर निघतो आणि पुढची चकती फिरवली की तो खालच्या घुमण्यापासून वरच्या बारीक चिरचिरीपर्यंत कुठंही नेता येतो. आम्ही त्याच्यावर रेडिओ तपासायचो. अण्णांनी पहिल्याच दिवशी ती चकती हळूहळू फिरवली म्हणे, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पेटीत दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नसतं रे सदा," ते मला सांगत. "गवई तिथून मींड घेऊन जातो आणि पेटीवाला नुसता बघत बसतो. मी जन्मभर त्या मधल्या जागेसाठी तळमळलो. आणि ह्या चकतीत बघ, सगळी मधलीच जागा!"

झालं. कंपनीनं फेकलेल्या, रेडिओत बसतात त्या काचेच्या व्हॉल्व्हमधून, पोतनीस साहेबांना रीतसर विचारून, त्यांनी बिस्किटांच्या डब्यांत तसले तीन ऑसिलेटर बनवले. चिंचवडगावात घरमालकीण गोदाकाकूंच्या घरामागच्या खोलीत ते एकटेच राहायचे, बायको-मुलगी कोकणात. त्या खोलीत दोन टेप यंत्रं होती. एक कुणा साहेबानं मोडीत काढलेलं, दुसरं एका लाउडस्पीकरवाल्यानं दुरुस्तीला दिलेलं आणि न्यायचं विसरलेलं. एका यंत्रावर एक सूर टेप करायचा, तो वाजवत त्याच्यात दुसरा मिसळून दुसऱ्या यंत्रावर घ्यायचा, मग पुन्हा पहिल्यावर. प्रत्येक फेरीत थोडी खरखर वाढायची आणि सुराचं तेज थोडं मरायचं. म्हणजे फेऱ्या मोजून मारायला हव्यात, हे मलासुद्धा कळत होतं.

पहिल्यांदा त्यांनी मला ते ऐकवलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. कशाला खोटं बोलू? संध्याकाळची वेळ, बाहेर चांगला उजेड, आणि तरी मी दाराकडे बघायला लागलो. गळा नाही, हात नाही, सूर आपला चाललाय. गाणारा माणूस कुठंतरी श्वास घेतो आणि ऐकणाराही नकळत तिथंच घेतो. इथं ती जागाच नव्हती. मी श्वास धरून बसलो आणि शेवटी मलाच धाप लागली.

"घाबरलास?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"मीही घाबरलो होतो. आता परत ऐक."

परत ऐकलं. भीती गेली नाही, पण तिच्याखाली चाल दिसायला लागली. चारच ओळी. घसरत घसरत वर चढणारी, चौथ्या ओळीला एका जागी येऊन थबकणारी. पुढं काय होणार ते ऐकल्याशिवाय जीवाला चैन पडू नये, अशी. आजही मला त्या चार ओळी येतात. भाजी चिरताना गुणगुणतो, आणि चौथीवर येऊन थांबतो.

अण्णा त्या सगळ्या उद्योगाबद्दल स्वयंपाकाच्या भाषेत बोलायचे. चाल म्हणजे भाकरी. आणि कोणता सूर पुढं, कोणता मागं, कोणाला किती घुमवायचं, कोण कोरडा ठेवायचा, हे सगळं कालवण. "कालवण कितीही झणझणीत कर," ते बोट नाचवून म्हणायचे, "भाकरी नसेल तर काय वाटी तोंडाला लावणार आहेस?" बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात अण्णा संध्याकाळभर कालवणच ढवळत बसायचे.

घुमवण्यासाठी त्यांनी काय केलं, तर गोदाकाकूंच्या परसातल्या रिकाम्या रांजणात स्पीकर सोडला, वर मायक्रोफोन टांगला आणि खोलीत येऊन चकती फिरवायला लागले. काकू गेल्या रांजण धुवायला. एकच किंकाळी! आम्ही धावलो तर काकू तुळशीला पाठ लावून उभ्या आणि हातात केरसुणी.

"रांजनात कोन बसलंय? भाईर ये मुडद्या!"

"काकू, कुणी नाही. मीच आहे," अण्णा म्हणाले.

"तू तर हितं हायेस! मग त्यो कोन रडतोय?"

अण्णांनी त्यांना हाताला धरून खोलीत नेलं आणि त्यांचा हात चकतीवर ठेवला. काकूंनी भीत भीत चकती फिरवली. बाहेर रांजण गहिवरला. काकूंनी उलटी फिरवली. रांजण खाली उतरला. "आगं बया," त्या म्हणाल्या, "ह्ये तर माज्याच हातानं रडतंय!" त्या दिवसापासून काकूंनी रांजण कायमचा अण्णांना देऊन टाकला आणि येता-जाता विचारू लागल्या, "झालं का रं कालवान?"

कालवण काही होत नव्हतं. मी आठवड्यातून दोनदा जायचो. प्रत्येक वेळी त्याच चार ओळी, फक्त कधी दुसरा सूर जरा पुढं, कधी रांजण जरा जास्त.

"अण्णा, पाचवी ओळ?"

"करू रे. आधी हे जरा बसू दे. तिसरा सूर मध्ये मध्ये नाक खुपसतोय."

एकदा मी फारच मागे लागलो तेव्हा त्यांनी यंत्र बंद केलं. म्हणाले, "खरं सांगू? बटणाला हात लावला की मला कळतं, पुढं काय करायचं. पाव इंच इकडे, पाव इंच तिकडे. चुकलं तर परत फिरवता येतं. चालीला हात घातला की छातीत धडधडतं. पाचवी ओळ चुकली तर पहिल्या चारही वाया. मग मी म्हणतो, आज राहू दे, आज कालवणच बघू." आणि कसनुसं हसले. माझ्यासारख्या भित्र्याला ते ताबडतोब पटलं. पटायला नको होतं.

कानांची मोजणी दर सोमवारी व्हायची. भोंग्याच्या पंधरा मिनिटं आधी आम्ही दोघंच शेडमध्ये यायचो. अण्णा माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसायचे, कानांना हेडफोन, उजवा हात वर. मी ऑसिलेटरची चकती फिरवत सूर बारीक बारीक करत न्यायचा. ऐकू येईनासं झालं की त्यांचा हात खाली. मी चकतीवरचा आकडा वाचायचा, म्हणजे सुराची सेकंदाला किती कंपनं ते; सूर जितका बारीक तितका आकडा मोठा. चौदा हजार. कित्येक महिने चौदा हजार, मग एकदा तेरा. तो आकडा ऐकून त्यांनी त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

मग दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. मी चकती फिरवत होतो. सात हजार, आठ, आणि माझ्या डोळ्यांदेखत अण्णांचा हात नऊ हजारांवरच खाली आला. माझ्या कानात शिट्टी स्पष्ट वाजत होती. हेडफोनच्या बाहेरूनसुद्धा ऐकू येत होती.

"किती?" अण्णांनी पाठ न वळवता विचारलं.

"तेरा," मी म्हणालो.

का म्हणालो? त्यांची पाठ बघून म्हणालो. एखाद्यानं मार खायची तयारी करावी तसे खांदे आवळून बसले होते हो ते. आणि थोडं माझ्यासाठीही म्हणालो. खरा आकडा सांगितला असता तर अण्णा काय करतील, पोतनीस साहेबांना सांगावं लागेल का, मलाच बोलावतील का, असे सतरा प्रश्न एका क्षणात डोक्यात आले. तेरा म्हटलं की एकही प्रश्न उरत नव्हता.

अण्णा वळले. चेहरा असा उजळला होता की मला रडू येईल असं वाटलं. "म्हणजे थांबलं रे! मी वडिलांवर गेलो नाही सदा. आईवर गेलो." त्याच दिवशी त्यांनी बायकोला पत्र टाकलं.

त्यानंतर दर सोमवारी मी तेरा सांगत गेलो. एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप येतं, असं जे म्हणतात त्यांनी ते दर आठवड्याला बोलून बघावं. रविवारी दुपारपासून माझ्या पोटात कळा सुरू व्हायच्या. वाडीवर गेलेला असलो तर आई ओवा चावायला द्यायची. "सोमवार आला की तुजं प्वाट कसं दुखतं रं? शाळंत असल्यावानी?" म्हणायची.

अण्णा मात्र निवांत झाले. आता घाई नव्हती ना! पाचव्या ओळीचं नावही निघेना. "चार-पाच वर्षं तरी आहेत हातात," ते म्हणत, "कालवण असं करतो की ऐकणारा बोटं चाटत राहील." त्यांनी वरच्या पट्टीत एक नवा बारीक सूर घातला. त्याला ते जरीची किनार म्हणायचे. दर आठवड्याला त्यांना ती किनार फिकी वाटायची आणि दर आठवड्याला ते तिचं बटण वाढवायचे. मला ती दाभणासारखी टोचायची. गोदाकाकूंचं कुत्रं टेप सुरू झाली की केकाटत नदीकडे पळायचं. अण्णा म्हणायचे, "यंत्राला घाबरतं बिचारं."

एका संध्याकाळी पवनेच्या काठावरून येत होतो. रातकिडे नुसते किरकिरत होते, कान फुटावेत असे. अण्णा थांबले आणि म्हणाले, "यंदा रातकिडे कसे नाहीत रे? ह्या कारखान्यांच्या धुरानं मेले वाटतं."

"वाटतं," मी म्हणालो. आधी रातकिडा जातो, हे त्यांनीच मला सांगितलं होतं आणि आता तेच शेजारी उभे राहून धुराला दोष देत होते. त्याच आठवड्यात एकदा भोंगा झाला तेव्हा अण्णांची बोटं कानात नव्हती. ते दचकले, मग घाईघाईनं घातली. पोरं हसली. "अण्णा, आज लेट!" मला हसू आलं नाही.

आता दुसरीच भीती सुरू झाली. अण्णा रेडिओ पास करून मागच्या बाजूला खडूनं सात आकडा घालायचे. काही सेटमध्ये स्टेशन लावलं की आवाजामागे एक बारीक शिट्टी राहते. ती साधारण नऊ-दहा हजारांची असते आणि मीटरवर नेहमी दिसतेच असं नाही, कानालाच पकडावी लागते. अण्णांच्या कानाला ती आता पकडता येणार नव्हती. मग मी त्यांचे पास झालेले सेट पुढच्या टेबलावर नेऊन ठेवायच्या निमित्तानं उचलायचो, माझ्या बेंचवर लपूनछपून लावून बघायचो, शिट्टी असली तर स्क्रू फिरवून घालवायचो. दोघांचं काम एकट्यानं, तेही चोरासारखं. जवळपास वर्षभर मी ते जीव मुठीत धरून केलं. अण्णा म्हणायचे, "हल्ली फार मदत करतोस रे मेल्या!"

मग माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं आणि मी तीन दिवस वाडीवर होतो.

महिन्यानं पोतनीस साहेब एक रेडिओ हातात घेऊन शेडमध्ये आले. दुकानदाराकडून परत आलेला. त्यांनी तो मधल्या टेबलावर ठेवला, सगळ्यांना बोलावलं आणि सेट उलटा केला. मागे खडूचा सात.

"नेवरेकर, हा तुमचा?"

"माझाच."

साहेबांनी रेडिओ लावला. बातम्या चालू होत्या आणि त्यांच्यामागे ती शिट्टी. पलीकडे पॅकिंगच्या पोरानंसुद्धा मान वर केली. आम्ही सगळे अण्णांकडे बघत होतो. अण्णांनी डावा डोळा मिटला. मन लावून ऐकलं. डोळा उघडला.

"ठीक आहे की," ते म्हणाले. "आवाज स्वच्छ आहे."

बातम्या देणारा एकटा बोलत राहिला.

"नेवरेकर," साहेब हळू आवाजात म्हणाले, "शिट्टी ऐकू येत नाही तुम्हाला?"

"शिट्टी? साहेब, मला तेरा हजारांपर्यंत ऐकू येतं. असती तर कळली नसती का? विचारा या सदाला. दर सोमवारी तोच चकती फिरवतो." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. अगदी विश्वासानं, हसून. "सांग रे, परवा किती होतं?"

आयुष्यात एवढ्या माणसांनी एकदम माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. तेरा म्हणावं, तर टेबलावर शिट्टी वाजत होती. खरं सांगावं, तर वर्षभर लपवलं हे आपल्याच तोंडानं सांगावं लागणार. अण्णा अजून हसत होते. माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"आठ," मी म्हणालो.

"काय?"

"आठ हजार, अण्णा. आधी नऊ होतं. आता आठ."

अण्णांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळे विझले. "कधीपासून?"

"गेल्या दिवाळीपासून."

मला वाटलं, मारतील. मारायला हवं होतं. ते नुसते स्टुलावर बसले. मग आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "वर्ष झालं. वर्षभरात चाल पुरी झाली असती रे."

शेडमधल्या लोकांना वाटलं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. नोकरी जायची वेळ आली आणि हा कसल्या चालीचं बोलतोय! अर्थ मला एकट्याला कळला. मी वेळ वाढवून दिला असं समजत होतो आणि होता तेवढाही मी खाल्ला होता.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी अण्णांना कामावरून काढलं नाही, पॅकिंगला बसवलं. पेट्यांवर खिळे ठोकायचं काम. हातोडीच्या आवाजात, ज्या माणसानं कानाला वारा लागू दिला नव्हता त्याला. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "तुझं प्रकरण मिटलेलं नाही, हे लक्षात ठेव. सरळ वाग." माझं धाबं दणाणलं ते पुढं कित्येक महिने दणाणलेलंच राहिलं.

आठ दिवसांनी संध्याकाळी मी अण्णांच्या खोलीवर गेलो. दारातून परत फिरणार होतो, पण काकूंनी बघितलं आणि हाक मारून माझं येणं जाहीर केलं. अण्णा खाली सतरंजीवर बसले होते. रागावलेले दिसले नाहीत, थकलेले दिसले.

"बस. टेप लावतो. आता तरी खरं सांग, कुठं टोचतंय?"

चालीची टेप लावली आणि वरचं कालवण ऑसिलेटरवरून सोडलं. जरीची किनार सुरू झाली आणि माझ्या दातांत शिरशिरी उठली. "सगळीकडे," मी म्हणालो.

"ही?" त्यांनी किनारीचं बटण धरलं.

"हीच."

त्यांनी बटण शून्यावर नेलं. रांजणाचंही नेलं. एकेक करून सगळी कालवणाची बटणं खाली आणली. खरखरीच्या खाली त्या चार ओळी उघड्या राहिल्या, पहिल्या दिवशी ऐकल्या होत्या तशा. मध्ये दीड वर्ष गेलं होतं आणि एक सूरही पुढं सरकला नव्हता. अण्णा दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होते.

"आठ हजारांच्या खाली पुष्कळ जागा आहे रे," ते म्हणाले. "माझी चाल तर दोन हजारांच्या वर जातही नाही. पण आता थांबायला नको. ऐक, रविवारी ये. मी चालीला बसतो, कालवण तू बघ. वरचं मला दिसत नाही, तू माझे कान हो. फक्त खरं सांगायचं. येशील ना?"

"येतो अण्णा. नक्की येतो."

रविवारी मी गेलो नाही. वाडीवर पळालो. साहेबांना कळलं तर, हे एक कारण. खरं कारण म्हणजे अण्णा विचारणार, "कसं आहे?" आणि मला खरं उत्तर द्यावं लागणार, ह्याचीच मला इतकी दहशत बसली होती की सायकल चाकणच्या रस्त्याला लागली ती माझ्या नकळत लागली. पुढच्या रविवारीही तेच. कारखान्यात पॅकिंगच्या बाजूला जायचं मी टाळायचो. अण्णांनीही मला शोधलं नाही.

तिसऱ्या रविवारी सकाळी मनाचा हिय्या करून गेलो. खोलीला कुलूप. काकू परसात रांजण घासत होत्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ग्येला त्यो. मुलखाला चाललाय. टेसनावर आसंल, धाची गाडी हाय."

"काही म्हणाले का?"

"तुला? न्हाई." केरसुणी थांबली. "दोन आईतवार दारात बसून वाट बघितली त्येनं. मग परवा म्हनला, काकू, तुम्हीच बसा ऐकाया. येकट्यानंच वाजिवलं. कालवान ऱ्हायलं म्हनला, पर भाकर झाली."

"सगळी? पाचवी ओळ?"

"मला वळीबिळी काय कळत्यात रं? पर शेवट आला त्यो मला कळला. लई ग्वाड हुतं. रडाया आलं मला."

मी सायकल मारली. चिंचवड स्टेशनवर पोचलो तेव्हा पुण्याला जाणारी गाडी दूर रेल्वे फाटकापाशी दिसत होती. अण्णा माझ्याकडे पाठ करून बाकावर बसले होते. पायाशी ट्रंक, मांडीवर टेपांचं खोकं, आणि त्याला ते सुतळी बांधत होते. कानात कापूस नव्हता. मी तारेच्या कुंपणाबाहेर होतो. वीस पावलं असतील मध्ये. गाडी अजून लांब होती आणि स्टेशन शांत होतं.

"अण्णा!" मी हाक मारली.

सुतळी ओढणारा हात थांबला. श्वास घ्यावा तेवढाच. मग गाठ मारली, दुसरी मारली, खोकं उचललं. मी आणखी एकदा हाक मारली, तोवर ते उठून फलाटाच्या पुढच्या टोकाकडे चालायला लागले होते. आत जायला कुंपणाला दार होतं, दहा पावलांवर. मी गेलो नाही. गाडी आली, थांबली, गेली.

त्यांना ऐकू आलं नाही, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. कान गेले होते ना बिचाऱ्यांचे, म्हणायचो. लोकही हळहळायचे. पण मी टेस्टिंगमधला माणूस. हाक ओळखायला दोन-तीन हजार पुरतात. अण्णांना आठ हजारांपर्यंत ऐकू येत होतं. मीच मोजलं होतं.